घडी पुसण्याआधी विचारणारा फोंड्याचा स्टुडिओ

बाबांच्या वर्षश्राद्धापूर्वी त्यांचा आणि आईचा १९७० सालचा एकमेव जोडफोटो आम्ही फोंड्याच्या वरच्या बाजारातील एका स्टुडिओतून दुरुस्त करून घेतला. गोवा मुक्त झाल्यावर वर्षभरातच बाबा बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, १९७१ चे युद्ध पूर्व आघाडीवर लढले आणि पंधरा वर्षांच्या सेवेनंतर गावी परतून सरकारी मराठी शाळेत निवृत्तीपर्यंत मास्तर राहिले. युद्धाच्या काळात, आईची पत्रे ‘मार्फत ९९ एपीओ’ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर जात असताना, हा फोटो त्यांच्या खिशात होता. तो खिशात मावावा म्हणून त्यांनी घडी घातली, पण इतक्या बेताने की तिची रेघ आईच्या चेहऱ्याला आणि अबोलीच्या वेणीला न लागता त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरून जाते.

आधी एका दुसऱ्या दुकानाने न विचारता ती घडी पुसली, दोघांचे चेहरे गुळगुळीत केले आणि आईचे ओठ रंगवले. आईने ती प्रत हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि पालथी घालून ठेवली.

या स्टुडिओतील गृहस्थांनी मात्र प्रथम फोटो चौकटीतून काढायलाच नकार दिला. आपल्याकडच्या पावसाळ्यातील दमट हवेने फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो आणि तो ओढल्यास चेहराच सोलून निघतो, हे त्यांनी समजावले, काचेवरूनच स्कॅन केले आणि बुरशीचा एकेक डाग संगणकावर हाताने काढला. घडीपाशी आल्यावर त्यांनी फोन करून विचारले. आई म्हणाली, “ती राहू दे, ती ह्यांनी घातलेली आहे.”

आठ दिवसांचे काम एकोणीस दिवसांवर गेले, वर्षश्राद्ध तोंडावर आल्याने आमचा जीव टांगणीला लागला, आणि ही उणीव मी लपवणार नाही. चौकटीसह १,८०० रुपये पडले. पुन्हा चिकटू नये म्हणून काच आणि नवी प्रत यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचे माउंट आहे, आणि चौकट पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, असे त्यांनी बजावले आहे. दुकान दुपारी एक ते चार बंद असते. जुना फोटो न्यायचा असल्यास चौकटीसकट न्यावा, घरी उघडून पाहू नये.