केमिस्ट्रीची डायरी की सोडियमची आत्मकथा?

अकरावीतली भाची विचारून राहिली, मामा, केमिस्ट्रीवर स्वतःचं काहीतरी लिहायचंय तर डायरी लिहू की सोडियमची आत्मकथा?

वेळ पाहिला तर डायरी सोपी, दिसलं ते लिहिलं. नागपुरात संत्र्याला काय तोटा, साल फुगवलेल्या फुग्यावर पिळली की फुगा फटकन फुटतो कारण सालीच्या तेलातलं लिमोनीन रबर विरघळवतं (डोळे सांभाळा बरं). पण आळशी पोरं हे 'का' गाळतात अन् मग नुसती दिनचर्या उरते.

आत्मकथेला आधी अभ्यास लागतो. सोडियमच्या इलेक्ट्रॉनची 2, 8, 1 अशी मांडणी, तो शेवटचा इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन मोकळं होणं, पाण्याशी वैर म्हणून केरोसिनमध्ये बुडून बसणं, हे एकदा स्वतःच्या शब्दात लिहिलं की आयनिक बॉण्ड (इलेक्ट्रॉन देण्याघेण्यातून जुळणारा बंध) पाठ करावा लागत नाही. फक्त भावना जास्त झाल्या की केमिस्ट्री चुकते, सोडियम काही प्रेमात पडून इलेक्ट्रॉन देत नाही ना भाऊ, ऊर्जेचा हिशोब असतो तो!

खर्च दोन्हीकडे एका वहीचा.

प्रॅक्टिकल कच्चं असेल, निरीक्षणाची सवय लावायची असेल तर डायरी. थिअरी डोक्यात बसत नसेल अन् लिहायचा हात असेल तर आत्मकथा. भाचीचं बॉण्डिंगच अडकलंय, तिला मी सोडियमच सांगितलं.