जाड ट्यूब, रिम लॉक आणि कमी दाबाचा गेज: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोटरसायकलला ४ मिमीची जाड ट्यूब, दोन्ही चाकांना रिम लॉक (टायर रिमवर सरकू नये म्हणून दाबून धरणारा क्लॅम्प) आणि हवेचा दाब मोजायला ० ते ३० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) छोटा गेज, हे सगळं चिखलात, वाळूत आणि दगडांत भरपूर वापरून झालं. यात सगळ्यात मोलाचा ठरला तो गेज. मोठ्या पल्ल्याच्या गेजवर १२ आणि १४ मधला फरक नीट वाचताच येत नाही, आणि ऑफरोडला सगळा खेळ त्या दोन पीएसआयचाच असतो.

गाडी हलकी एंड्युरो, म्हणजे ऑफरोडची मोटरसायकल. कडक मातीच्या वाटेला मी १३ ठेवतो, चिखल-वाळूत ११-१२, दगडधोंड्यांत पुढे १५ आणि मागे १४. जड अॅडव्हेंचर गाडीला हे आकडे लावू नका, तिला बरीच जास्त हवा लागते. आणि हवा टायर थंड असतानाच मोजा. चालून तापल्यावर काटा थोडा वर जातोच, तेवढ्यासाठी हवा सोडायची नाही.

हवा कमी असली की टायर पसरतो, पकड झकास मिळते. पण धारदार दगडावर वेगात आदळला की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. सोबतच्या एका गाडीची साधी ट्यूब बाहेर काढली, तर शेजारीशेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. अशी जोडी दिसली की काटा शोधत बसू नका, हवाच कमी पडलेली असते. भोक एकच असेल तर मात्र टायरच्या आतून हळूच बोटं फिरवा. टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही गेलीच.

जाड ट्यूबने या चिमट्यापासून खरोखर वाचवलं. मागच्या रिमला दगडाने पोचा आला, तरी हवा टिकली. लांब काट्यापुढे, खिळ्यापुढे तिचंही फारसं चालत नाही. शिवाय ती जड आहे आणि वाटेत बदलायची तर घाम काढते. आत टाल्कम पावडर लावली की घड्या पडत नाहीत, एवढं तरी कराच.

रिम लॉकशिवाय कमी हवेत जाऊच नये. थ्रॉटल पिळला की मागचा टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. तिथे पॅच बसत नाही. व्हॉल्व्हचा नट मी रिमवर आवळत नाही, वर टोपीशी नेऊन ठेवतो. मग टायर सरकला की व्हॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो.

मूस, म्हणजे ट्यूबऐवजी टायरात बसवायची फोमची रिंग, घेतला असता तर पंक्चरच नाही, हे खरं. पण लांब डांबरी रस्त्यावर वेगात तो तापून खराब होतो, आणि वाटेप्रमाणे हवा कमी-जास्त करायची सोयही जाते. मला ट्रेलपर्यंत डांबरावरूनच जावं लागतं, म्हणून ट्यूब आणि सोबत हातपंप. परतताना डांबराला लागण्याआधी हवा वाढवतो.

परवा मागे नवा टायर घातला. जुनी ट्यूब नीट तपासली, व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर नव्हती, कुठे घासलेलीही नव्हती. तीच परत आत घातली.