टियागो ईव्ही: शहरात राणी, हायवेवर घोर

टाटाची ही इलेक्ट्रिक गाडी घेतली, २४ किलोवॅट-तासांची बॅटरीवाली. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हिला तोड नाही. क्लच नाही, गिअर नाही, सिग्नल सुटला की रिक्षावाले मागे. रात्री पार्किंगमध्ये १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायची, सकाळी भरलेली. (त्या सॉकेटवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये झालेलं महाभारत वेगळंच.)

कोल्हापूरला निघालं की मात्र बायको रस्ता सोडून बॅटरीचे टक्केच बघत बसते. खंबाटकी घाट चढताना ते भराभर उतरतात. उतारावर रीजन (गाडीचा वेग कमी होताना बॅटरी भरणारी सोय) तीनवर ठेवलं की थोडे परत येतात, तेव्हा हिचा चेहरा खुलतो. साताऱ्याजवळचा चार्जर ॲपवर चालू, प्रत्यक्षात बंद! दुसरा मिळेपर्यंत एसी बंद करून घामाघूम.

रोज शहरात फिरणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावी. आमची जुनी पेट्रोल गाडी मात्र मी विकलेली नाही, लांबच्या लग्नांना तीच काढतो.