ऑब्सपाय: सात-आठ महिने वापरल्यावर काय वाटतं

गेल्या पावसाळ्यापासून ऑब्सपाय वापरतोय, कराडजवळच्या कॉलेजात एमएस्सीच्या पोरांना भूकंपाचा डेटा शिकवायला आणि तळमजल्यावर बसवलेल्या छोट्या सेन्सरची रेकॉर्डिंग बघायला. आधीच सांगतो, मला हे प्रचंड आवडलंय आणि कोयनेच्या पट्ट्यातल्या प्रत्येक सायन्स कॉलेजात हे असावं असं मनापासून वाटतं. पण बटण दाबलं की उत्तर, असलं हे ॲप नाहीये, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, थोडा कोड लिहावाच लागतो.

म्युनिकच्या विद्यापीठात हे सुरू झालं, 2010 ला त्यावरचा पहिला पेपर आला, पूर्ण फुकट आणि सोर्स कोड उघडा. मिनीसीड, सॅक, जीएसई2, सेग-वाय असे भूकंपाच्या नोंदींचे ढीगभर फॉरमॅट एकाच रीड कमांडने उघडतात. हे ऐकायला साधं वाटतं पण प्रत्येक फॉरमॅटसाठी वेगळा प्रोग्रॅम शोधत बसलेल्या माणसाला विचारा. इन्स्टॉल करताना कोंडा (पायथनची पॅकेजं बसवायचं साधन) वापरा आणि त्यात वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, बाकी काही त्रास नाही.

पोरांना सगळ्यात भारी वाटलं ते डेटा थेट ओढून आणणं. 25 एप्रिल 2015 चा नेपाळचा भूकंप घेतला, हैदराबादच्या एचवायबी स्टेशनची रेकॉर्डिंग मागवली, चार-पाच ओळींत लाटा स्क्रीनवर. मग त्यातच असलेल्या टाऊ-पी ने (लाटांना लागणारा वेळ काढणारा भाग) काढलं की साधारण साडेतेराशे किलोमीटरवर पी लाट, म्हणजे सगळ्यात आधी येणारी, कधी पोचायला हवी, तर जवळपास तीन मिनिटं, आणि रेकॉर्डिंगमध्ये बरोबर तिथेच पहिला झटका दिसतो. पुस्तकातली आकृती आणि खरी जमीन एकत्र दिसली की वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

आता जरा वेळ घेऊन सांगतो ते इन्स्ट्रुमेंट रिस्पॉन्सबद्दल, म्हणजे जमिनीच्या हालचालीला सेन्सर कसा प्रतिसाद देतो त्याबद्दल, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. सेन्सरमधून जे येतं ते नुसते काउंट्स, म्हणजे कच्चे आकडे असतात, जमीन किती हलली ते नाही. रिमूव्ह रिस्पॉन्स ही कमांड सेन्सरची माहिती असलेली स्टेशन एक्सएमएल फाइल वाचून काउंट्सचा वेग, विस्थापन किंवा त्वरण करून देते, काहीच सांगितलं नाही तर वेग. पण आमचा सेन्सर म्हणजे 4.5 हर्ट्झचा जिओफोन आहे, त्याच्या खूप खालच्या फ्रीक्वेन्सीला त्याला फारसं काही कळतच नाही, आणि तुम्ही विस्थापन मागितलंत तर सॉफ्टवेअर बिचारं तिथला नॉइज इमानदारीने हजारो पटींनी फुगवून देतं. मोठ्या सुंदर लाटा दिसतात आणि त्या सगळ्या खोट्या असतात. म्हणून प्री-फिल्टचे (कुठल्या फ्रीक्वेन्सी ठेवायच्या ते सांगणारे) चार आकडे विचार करून द्यायचे, वॉटर लेव्हल (फुगवण्यावरची मर्यादा) कशासाठी असते ते समजून घ्यायचं. डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक पायरीचा ग्राफ काढायचा पर्याय दिलाय, तो चालू ठेवाच. ऑब्सपाय तुम्हाला अडवत नाही, चुकीचं मागितलं तर चुकीचं देतं, आणि मला वाटतं शिकवायच्या दृष्टीने हेच बरं आहे, कारण पोरांना फिजिक्सकडे परत जावं लागतं.

कोयनेचे हादरे पकडायला एसटीए/एलटीए ट्रिगर लावलाय. छोट्या खिडकीतली सरासरी भागिले मोठ्या खिडकीतली सरासरी, रेशो वाढला की घंटा. हायवेवरचे ट्रक, खाणीतले सुरुंग, गणपतीतले ढोल, सगळं त्यात येतं. एकाच स्टेशनवर हे वेगळं करणं अवघड, तरी रात्रीच्या वेळी फिल्टर लावून बऱ्यापैकी जमतं. तीन मॅग्निट्यूडच्या आसपासचा हादरा आला की पी आणि तिच्यामागून येणारी एस लाट यांच्यात सहा-सात सेकंदांचा फरक दिसतो, अंतरासाठी ढोबळमानाने आठने गुणलं की पन्नासेक किलोमीटर, म्हणजे कोयना-वारणेचाच पट्टा. 1962 पासून धरणात पाणी साठायला लागलं तेव्हापासून ही जमीन हलतेय, ते पोरांनी स्वतः मोजलं याचं मला फार अप्रूप आहे.

वेळेचं एक. सगळं यूटीसीत चालतं, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. कोयनेचा मोठा भूकंप आपल्याकडे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, पण कॅटलॉगमध्ये शोधताना 10 डिसेंबर टाकावं लागतं. किल्लारीचंही तसंच, आपल्यासाठी 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, तिकडे 29.

वैताग आणणाऱ्या गोष्टीही आहेत. आमच्याकडे लाइट जाते, मग डेटात गॅप पडतो, तुकडे मर्ज केले की मास्क्ड ॲरे (मधली रिकामी जागा झाकलेला डेटा) तयार होतो आणि त्यावर फिल्टर मारायला गेलं की एरर. आधी स्प्लिट करायचं, मग फिल्टर, हे नवीन माणसाला कोण सांगणार, एररचा मेसेज वाचूनही पटकन कळत नाही. दुसरं म्हणजे फिल्टर मूळ डेटाच बदलून टाकतो, कॉपी घेतल्याशिवाय हात लावू नका. आणि मेमरी, 100 हर्ट्झचा एका चॅनलचा एक दिवस म्हणजे 86 लाख 40 हजार सॅम्पल, कॉलेजच्या जुन्या मशीनवर आठवडाभराचा डेटा एकदम उघडला की पंखाच ऐकू येतो, त्यामुळे दिवसादिवसाने लूप लावा.

भूकंपाचं केंद्र मात्र हे स्वतः काढून देत नाही, त्यासाठी नॉनलिनलॉकसारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ऑब्सपाय त्याचा निकाल वाचून पुढे नेतं. शिवाय एका स्टेशनवरून पी-एस च्या फरकाने फक्त अंतर कळतं, दिशा नाही. पाटण, चिपळूण किंवा शिराळ्याकडे कुणी सेन्सर बसवला असेल आणि डेटा शेअर करायची तयारी असेल तर कळवा, तीन ठिकाणं जुळली की कोइन्सिडन्स ट्रिगर (अनेक स्टेशनांवर एकाच सुमारास हादरा दिसला तरच वाजणारा) लावता येईल आणि ट्रक आपोआप गळून पडतील.