‘अ गेम ऑफ थ्रोन्स’: सुरुवातीला बनलेली मतं, काही महिन्यांनंतर

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ साली आली. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेतला हा पहिला भाग. पेपरबॅक, किंडल आणि ऑडिओबुक या तिन्ही प्रकारांत पुस्तक काही महिने वापरून, पहिला भाग फिरून वाचून आणि पुढच्या भागांत शिरून झाल्यावरचा हा अनुभव आहे. कथानक सांगायचं नाही. सुरुवातीच्या शे-दोनशे पानांत पात्रांबद्दल जी मतं बनतात, त्यातली टिकतात कुठली आणि बाकीची बनतातच का, एवढंच बघायचं आहे. स्पॉयलर पहिल्या १९ प्रकरणांपुरते आहेत. पुस्तकात प्रकरणांना क्रमांक नाहीत. ज्याच्या नजरेतून प्रकरण चाललंय त्याचं नाव तेवढं वर असतं. इथले क्रमांक प्रोलॉग सोडून मोजलेत.

प्रोलॉग आणि त्यानंतर ७२ प्रकरणं, आठ जणांत वाटलेली. नेड (एडार्ड) स्टार्क १५, त्याची बायको कॅटलिन ११, परागंदा राजकन्या डॅनेरिस १०, राणीचा भाऊ टिरियन आणि नेडचा अनौरस मुलगा जॉन स्नो प्रत्येकी ९, नेड-कॅटलिनची मुलं ब्रॅन ७, सान्सा ६, आर्या ५. एक प्रकरण सरासरी अकरा-बारा पानांचं. ही वाटणी नीट पाहिली तर बऱ्याच मतांचा उगम तिथेच सापडतो. आठांत सगळ्यात शेवटी येते सान्सा, थेट १५ व्या प्रकरणात. तोवर तिची ओळख होते ती मुख्यतः सातव्या प्रकरणातल्या आर्याकडून, म्हणजे शिवणकामाच्या तासाला स्वतःचे वाकडे टाके बघून वैतागलेल्या नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीकडून. थोरलीचं शिवण सुंदर, थोरली दिसायला सुंदर, थोरली सगळ्यांची लाडकी. सान्सा आपल्या डोक्यात जाणार याची तयारी ती स्वतः बोलायला लागण्याच्या आठ प्रकरणं आधीच झालेली असते.

म्हणून पात्रांची टिपणं काढायची असतील तर नाव, घराणं, नातं एवढ्यावर भागत नाही. एका कागदावर चार रकाने आखावेत: पात्र, बघणारा कोण, बघणाऱ्याला काय वाटलं, आणि पात्राने प्रत्यक्ष काय केलं. तिसरा आणि चौथा रकाना वेगळा ठेवणं महत्त्वाचं. बहुतेकांच्या वह्यांत हे दोन्ही एकत्र होतात आणि राणीच्या दुसऱ्या भावाबद्दल ‘जेमी: देखणा, गर्विष्ठ’ अशी नोंद होते. ती नोंद जेमीची नसते, त्याच्याकडे टक लावून बघणाऱ्या मुलाची असते. दुसरी चूक म्हणजे दिसेल ते प्रत्येक नाव टिपणं. पाचव्या प्रकरणातल्या मेजवानीपर्यंत यादी इतकी फुगते की कागद बाजूला पडतो. पंचवीस नावांवर थांबावं. जे पात्र दुसऱ्या कोणाच्या प्रकरणात पुन्हा दिसेल तेच यादीत घ्यावं. किरकोळ सरदार मागच्या परिशिष्टात घराण्यानुसार दिलेलेच आहेत.

हा कागद किती कामाचा आहे ते राजा रॉबर्टवरून कळतं. तिसरं, चौथं, पाचवं अशी तीन प्रकरणं सलग, आणि तिन्हींत रॉबर्ट वेगळा. तिसऱ्यात डॅनेरिस समुद्रापलीकडे पेंटॉसमध्ये आहे. तिने त्याला कधी पाहिलेलंही नाही. तिच्यासाठी तो गादी बळकावणारा, थोरल्या भावाला मारणारा, आणि ही माहिती देणारा एकमेव माणूस म्हणजे तिचा दुसरा भाऊ व्हिसेरिस. चौथ्यात रॉबर्ट विंटरफेलच्या, म्हणजे स्टार्कांच्या किल्ल्याच्या, अंगणात घोड्यावरून उतरतो. नेड त्याला नऊ वर्षांनी बघतोय. वजन आठ स्टोन, म्हणजे पन्नासेक किलोंनी वाढलंय, डोळ्यांखाली काळं आलंय. पण हा माणूस आल्या आल्या राणीची कुरकुर बाजूला सारून तळघरात नेडच्या बहिणीच्या समाधीकडे जायचं म्हणतो, आणि नेड विरघळतो. वाचकही विरघळतो. पाचव्यात तोच रॉबर्ट जॉनला दिसतो: लाल तोंडाचा, रेशमी कपड्यांत घामाघूम, अर्धवट झिंगल्यासारखा चालणारा जाड्या. जॉन १४ वर्षांचा आहे, अनौरस म्हणून राजघराण्याच्या पंगतीपासून दूर बसवलेला आहे आणि वाइन त्यालाही चढलेली आहे.

तिघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. चौथ्या रकान्यात मात्र या तीन प्रकरणांतून जेमतेम एक ओळ जमते: आला, समाधीशी गेला, जेवला, प्यायला. रॉबर्टबद्दलचं खरं मत बनवण्याजोगं काही हाती लागतं ते १२ व्या प्रकरणात, जेव्हा तो १३ वर्षांच्या डॅनेरिसच्या लग्नाची खबर वाचून तिला मारण्याची गोष्ट काढतो, आणि १६ व्यात, जेव्हा नको असलेला निर्णय तोंडातून काढून तिथून निघून जातो. नेडच्या मायेपोटी बनलेलं मत इथे मोडतं. जॉनचं मत उथळ असूनही जास्त टिकतं.

त्याच मेजवानीत जॉन जेमीकडे बघून मनात म्हणतो की राजा असा दिसायला हवा. तीन प्रकरणांनंतर ब्रॅनची किल्ल्याच्या भिंतीवरची चढाई येते. इथे घाईने वाचलं तर एक तपशील सुटतो. ब्रॅन घसरतो, खिडकीच्या कडेला लोंबकळतो, तेव्हा जेमी आधी त्याला हात देऊन वर ओढून घेतो. मग वय विचारतो. सात, असं उत्तर मिळतं. त्यानंतर ढकलतो. वाचवणं आणि ढकलणं यांच्यामध्ये एक प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाचं कारण पहिल्या भागात कळत नाही, कारण जेमीला इथे एकही प्रकरण नाही. (पुढचं काहीच कळायला नको असेल तर परिच्छेदाचा उरलेला भाग गाळावा.) जेमीची प्रकरणं तिसऱ्या भागात सुरू होतात, राणी सर्सीची चौथ्यात, आणि नेडचा थोरला मुलगा रॉब स्टार्क याला या मालिकेत एकही मिळत नाही. रॉब भला वाटो, रांगडा वाटो की उतावळा, तो सतत आई किंवा धाकट्या भावाच्या नजरेतलाच राहतो.

टिरियन मात्र पहिल्या भागात सगळ्यांचा भाव खाऊन जातो, आणि त्यात लेखकाची हातचलाखी आहे. लॅनिस्टर घराण्यातला स्वतःची प्रकरणं असलेला तो एकटा. एक डोळा हिरवा, एक काळा, पुढे आलेलं कपाळ. टीव्हीवरच्यापेक्षा पुस्तकातला टिरियन बराच कुरूप आहे. नवव्या प्रकरणात रात्रभर ग्रंथालयात वाचून तो बाहेर येतो, उद्धट भाच्याला, म्हणजे युवराज जॉफ्रीला, थोबाडीत लगावतो आणि भावाबहिणीबरोबर न्याहारीला बसतो. ब्रेड, दोन छोटे मासे, काळी बिअर आणि काळा होईपर्यंत भाजलेला बेकन मागवतो, आणि मग सहज सांगितल्यासारखं सांगतो की पोरगा जगेल बहुधा. जेमी आणि सर्सीची क्षणभर नजरानजर होते. ती त्याने नेमकी टिपलेली आहे. हे पान एकदा विनोदासाठी आणि एकदा त्याच्या गप्प राहण्यासाठी वाचावं. संशय आलेला असून टिरियन तो स्टार्क घराण्यातल्या कोणालाही सांगत नाही, उलट राज्याच्या उत्तर सीमेवरची प्रचंड भिंत बघायला निघून जातो. हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर वाचकाने त्याला लगेच खलनायकांत बसवलं असतं. टिरियनला सूट मिळते, कारण तो हसवतो.

कॅटलिनचं उलट होतं. दहाव्या प्रकरणात जॉन बेशुद्ध ब्रॅनचा निरोप घ्यायला जातो आणि त्याच्या जागी तू पडायला हवा होतास, या अर्थाचं ती बोलते. या एका वाक्याने तिला जितके वाचक कायमचे दुरावतात तितके पुढच्या कुठल्याही निर्णयाने दुरावत नसावेत. वाक्य भयंकरच आहे, ते धुऊन काढायचं कारण नाही. पण हा प्रसंग जॉनच्या नजरेतला आहे, आणि तीच खोली १४ व्या प्रकरणात कॅटलिनच्या बाजूने दिसते: झोप नाही, घरच्या हिशेबांकडे बघवत नाही, रॉबशी धड बोलवत नाही. आणि मारेकरी आल्यावर हीच बाई उघड्या हातांनी खंजिराचं पातं धरते. ही दोन प्रकरणं लागोपाठ वाचून बघावीत. मधली तीन नंतर वाचली तरी चालतात. टीव्ही मालिका (२०११) आधी पाहिलेल्यांची इथे आणखी एक गडबड होते. मालिकेत नेडने राजधानीला जाऊ नये म्हणून कॅटलिन विनवते. पुस्तकातल्या सहाव्या प्रकरणात त्याला जायला लावणारी तीच आहे. पात्राचा कणाच बदलतो. वयंही तशीच: पुस्तकात रॉब आणि जॉन १४, डॅनेरिस १३, सान्सा ११, नेड ३५. मालिकेतले चेहरे डोळ्यांसमोर ठेवले की पोरवयातल्या चुका मोठ्यांचे गुन्हे वाटायला लागतात.

जॉनला आपल्याकडचा वाचक झटकन कर्ण करून टाकतो. पंगतीबाहेर बसवलेला, कुळाचा डाग असलेला, सगळ्यांपेक्षा सरस मुलगा. सहानुभूती आयती तयार असते. १९ व्या प्रकरणापर्यंत वाट बघावी. भिंतीवर नव्या पोरांशी सराव करताना तो एकेकाला लोळवतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे. एका हाताचा लोहार डोनल नोय त्याला सुनावतो की या पोरांनी आयुष्यात तलवार धरलेली नाही, तू किल्ल्यात शस्त्रगुरूकडे शिकलास, इथला दांडगट तूच आहेस. आधीची सगळी जॉन-प्रकरणं या बोलण्यानंतर परत चाळली तर त्याच्या रुसव्यात किती जागी माज मिसळलेला होता ते दिसतं.

सान्साकडे परत येऊ. १५ व्या प्रकरणात नदीकाठी जॉफ्री, आर्या, खाटकाचा मुलगा आणि आर्याची पाळीव लांडगी यांच्यात जे घडतं ते आपण सान्साच्याच डोळ्यांनी बघतो. १६ व्यात नजर नेडची आहे, आणि राजासमोर सान्सा आठवत नाही म्हणते. आपण साक्षीदार आहोत, म्हणून राग दुप्पट येतो. चौथ्या रकान्यात मात्र असं लिहावं लागतं: ११ वर्षांची मुलगी, एका बाजूला होणारा नवरा आणि होणारी सासू, दुसऱ्या बाजूला बहीण, भोवती सगळा दरबार, आणि ती कोणाचीच बाजू घेत नाही. शिक्षा तिच्याच लांडगीला होते. मत बदलायलाच हवं असं नाही, पण निदान नोंद तरी बरोबर होते.

डॅनेरिसची प्रकरणं सलग काढून वाचायची काहींना सवय असते, कारण ती बाकीच्या कथेपासून तुटलेली वाटतात. सुरुवातीला हे टाळावं. ११ व्यात तिचं लग्न आणि आहेरातली ड्रॅगनची तीन अंडी, १२ व्यात त्याच लग्नावर रॉबर्टचा संताप, १३ व्यात टिरियनच्या आठवणीतल्या ड्रॅगनच्या १९ कवट्या. हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. जोराह मॉर्मंटचंही तसंच: तिच्या लग्नात तो सभ्य, समजूतदार वाटतो आणि पुढच्याच प्रकरणात नेडकडून कळतं की माणसं गुलाम म्हणून विकल्याबद्दल तो परागंदा आहे.

आता वस्तू म्हणून पुस्तक. छोट्या आकाराच्या पेपरबॅकला आठशेच्या वर पानं आणि बारीक टाइप. मधोमध उघडून दाबलं की पाठीवर रेघ पडते. नकाशे दोनच, उत्तर आणि दक्षिण वेस्टेरॉसचे, म्हणजे कथेतल्या मुख्य खंडाचे. पेंटॉस आणि डॅनेरिसचा प्रवास त्यात नाही, त्यामुळे शोधत बसू नये. सहा इंची किंडलवर नकाशे वाचवत नाहीत, आणि परिशिष्ट शेवटी असल्याने पहिल्याच दिवशी तिथे बुकमार्क करून ठेवावा. किंडलवर नाव शोधायची सोय मात्र मोलाची आहे: दोन जॉन (स्नो आणि मेलेला जॉन ॲरिन), रॉब आणि रॉबर्ट, त्यात आणखी एक लहान रॉबर्ट, आणि ब्रॅन ते पूर्वजांपर्यंत ब्रँडनच ब्रँडन. नाव शोधायचं ते पुस्तकातच. इंटरनेटच्या सर्चबॉक्समध्ये पात्राचं नाव टाकलं की पुढे आपोआप येणारे शब्दच मृत्यू फोडून टाकतात.

ऑडिओबुक रॉय डोट्रिस यांच्या आवाजात, जवळपास ३४ तासांचं. २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिल्याबद्दल त्यांची गिनेसमध्ये नोंद झाली. रॉबर्ट, टिरियन, नोय ऐकायला झकास; १३ वर्षांच्या मुलीचं मन वयस्कर आवाजात ऐकणं प्रत्येकाला जमेल असं नाही. मोठी अडचण वेगळी आहे: प्रकरणाचं नाव सुरुवातीला एकदाच उच्चारलं जातं. मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी सुरू केलं की कोणाच्या नजरेतून ऐकतोय ते निसटतं, आणि पात्रांची सगळी मतं त्यावरच उभी आहेत. पहिलं वाचन कागदावर किंवा किंडलवर करावं, ऑडिओ फेरवाचनाला ठेवावं.

पहिल्या भागाचं परिशिष्ट सुरुवातीलाच चाळायला हरकत नाही. त्यातली घराणी साधारण कथेच्या आरंभी होती तशीच दिलेली आहेत. दुसऱ्या भागाचं मात्र पहिला पूर्ण होईपर्यंत उघडू नये. पहिल्यात कोण कोण गेलं, ते तिथे घराण्यानुसार छापलेलं आहे.