छोट्या मिलिंगला काय लावावं: आरसीची ब्रशलेस मोटर की तयार स्पिंडल?

ऐरोलीच्या भाच्याने घरीच छोटं मिलिंग मशीन उभं केलंय. गाडी अडलीय स्पिंडलपाशी, म्हणजे कटर धरून फिरवणाऱ्या भागापाशी. आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाची ब्रशलेस मोटर लावू, की ईआर-११ कोलेटचं (कटर पकडणाऱ्या चिमट्याचं) ५०० वॅटचं तयार डीसी स्पिंडल घेऊ?

वेगात ब्रशलेस पुढे. केव्ही (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे) गुणिले व्होल्ट एवढाच हिशोब: १००० केव्हीची मोटर २४ व्होल्टवर बिनलोड मिनिटाला २४,००० फेरे मारते. तयार स्पिंडल ४८ व्होल्टवर साधारण १२,०००. अर्ध्या मिलिमीटरच्या कटरला जास्त वेगच हवा.

पण खरी मेख बेअरिंगमध्ये आहे. ही मोटर हवेत पंखा फिरवायला बनलेली. कटरचा आडवा दाब तिची चिमुकली बेअरिंगं फार दिवस सोसत नाहीत. भाच्याच्या मोटरचा शाफ्ट अंगठ्याने नुसता दाबला, तर डायल गेजचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या मापकाचा) काटा हलला! म्हणजे वेगळा शाफ्ट, आडवा-उभा दोन्ही दाब सोसणारी दोन अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगं आणि मोटरने तो शाफ्ट फिरवायला पट्टा आलाच. ते हाउसिंग रबाळे एमआयडीसीत लेथवर करून घेतलं, की मोटरची स्वस्ताई तिथेच संपते. शिवाय चुंबकांमुळे लोखंडाचा कीस आत ओढला जातो, आणि पंख्याची हवा नसल्याने मोटर तापते. कमी वेगाला बिनसेन्सरची ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) अडखळते, ते वेगळंच.

तयार स्पिंडलचे कार्बन ब्रश झिजतात, अधूनमधून बदलावे लागतात. बाकी बसवलं की काम सुरू.

लाकूड, अॅक्रिलिक, हलक्या हाताने अॅल्युमिनियम कापायचं असेल तर तयार स्पिंडलच घ्या. पीसीबी (सर्किट बोर्ड) कोरायचे असतील आणि बेअरिंग बसवण्याची मनापासून आवड असेल, तर ब्रशलेस, पण पट्ट्यासकट. भाच्याला लाकडी पाट्या करायच्यात. त्याला मी तयारच घ्यायला सांगितलं.