मोलॅरिटी की मोलॅलिटी: कोणती कधी वापरावी?

द्रावणाची संहती (त्यात पदार्थ किती विरघळला आहे ते) सांगण्याच्या पद्धती बऱ्याच असल्या, तरी नव्या विद्यार्थ्याचा गोंधळ होतो तो बहुधा मोलॅरिटी आणि मोलॅलिटी यांत. दोन्हींत अंशस्थानी द्राव्याचे, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे, मोलच असतात (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक). छेदस्थानी मात्र मोलॅरिटीत तयार द्रावणाचे लिटर येतात, तर मोलॅलिटीत केवळ द्रावकाचे (ज्यात पदार्थ विरघळतो त्याचे) किलोग्रॅम.

१ मोलर मिठाचे द्रावण करायचे असेल, तर ५८.४४ ग्रॅम (१ मोल) सोडिअम क्लोराइड थोड्या पाण्यात विरघळवून १ लिटरच्या मापन चंबूत ओतावे आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ मानेवरील खुणेला टेकेपर्यंत पाणी घालावे. तेवढेच मीठ मोजून घेतलेल्या १ किलोग्रॅम पाण्यात विरघळवले, की १ मोलल द्रावण होते. ‘लिटरभर पाण्यात मीठ घातले’ असे करून त्याला मोलर म्हणणे ही अगदी नेहमीची चूक आहे, कारण तसे केल्यावर द्रावण लिटरहून थोडे जास्त भरते.

विरल जलीय द्रावणात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात आणि त्यामुळेच हा फरक दुर्लक्षिला जातो. संहत द्रावणात तसे चालत नाही. वजनाने ३७ टक्के आणि १.१९ ग्रॅम प्रति मिलिलिटर घनतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले, तर त्याच्या लिटरभरात सुमारे ४४० ग्रॅम आम्ल आणि ७५० ग्रॅम पाणी असते. म्हणजे एकाच बाटलीतील द्रावण सुमारे १२.१ मोलर आणि १६.१ मोलल ठरते. टक्केवारीवरून मोलॅलिटी काढायला घनता लागत नाही, मोलॅरिटीला ती लागतेच.

अनुमापन (ज्ञात संहतीचे द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्याची संहती काढणे) करायचे असेल, तर मी निःसंकोच मोलॅरिटी सुचवीन, कारण ब्युरेट ही त्यासाठीची खुणांची नळी आकारमानच मोजते आणि विरलनाचे M₁V₁ = M₂V₂ (M मोलॅरिटी, V आकारमान) हे सूत्रही तिथे सरळ लागू पडते. तापमान बदलणाऱ्या प्रयोगात मात्र द्रावणाचे आकारमान बदलते आणि त्याबरोबर मोलॅरिटीही; वस्तुमान बदलत नसल्याने मोलॅलिटी कायम राहते. म्हणून गोठणबिंदूतील घट मोलॅलिटीवरूनच काढतात, पाण्यासाठी प्रति मोलल १.८६ अंश.

नॉर्मॅलिटी (लिटरमागे द्राव्याचे किती सममूल्य, हे अभिक्रियेवर ठरणारे माप) जुन्या प्रयोगवह्यांत भेटते, पण नव्याने शिकणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करू नये: पोटॅशिअम परमँगनेटचे तेच द्रावण आम्लधर्मी माध्यमात मोलॅरिटीच्या पाचपट नॉर्मल असते आणि उदासीन माध्यमात तिप्पट.